दोन तोंडांचा वॉल्व्ह

सहदेव मेकॅनिक तिसऱ्यांदा गंगूबाईच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. मे महिन्यातलं अकोला, दुपारचे दोन, आणि काम काय, तर वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडणारा, मुठीत मावेल एवढा सोलेनॉइड वॉल्व्ह! पहिल्या खेपेला त्याने नेला तो एका तोंडाचा. गंगूबाईच्या मशीनला हवा दोन तोंडांचा. दुसऱ्या खेपेला तोंडं दोन होती, पण वळलेली भलतीकडे. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला शोभतं का हे? म्हणून आज सकाळच्या गाडीने अमरावती गाठून, दुकानदाराच्या नाकासमोर जुन्याचा फोटो धरून, त्याने हुबेहूब तसाच आणला होता.

"या भाऊ," गंगूबाई म्हणाली. हातात ओल्या चादरीचा पिळा. तिचा नवरा खुशालराव अकरा महिने अंथरुणाला खिळलेला. रोजच्या तीन-चार चादरी, आणि हिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. "आज मशीन नाई झाली तं मी काई उरत नाई, सांगून ठेवते."

गल्लीतली लाइट गेली होती. मशीनचा प्लगही काढून ठेवलेला. तरी मशीन पाणी घेत होती. टक, की थोडं पाणी. टक, की बंद.

सहदेव वैतागला. हा वॉल्व्ह वीज मिळाली तरच उघडतो, नाही तर मिटलेला.

"कचरा अडकला असन," तो म्हणाला. पण कचरा असा ठेक्यात पाणी सोडत नाही, हे त्यालाही कळत होतं.

शेजारच्या खोलीतून खुशालरावाची घरघर येत होती. श्वास आत, टक. श्वास बाहेर, टक.

उन्हानं डोस्कं फिरलं आपलं, त्याने स्वतःला बजावलं, आणि वॉल्व्ह काढण्यासाठी पाण्याचा कॉक बंद केला.

टकटक थांबली. घरघरही थांबली.

त्याने कॉक उघडला. टक. आतून एक लांब, ओढून घेतलेला श्वास.

पुन्हा बंद केला. सामसूम. घाईघाईने पुन्हा उघडला.

सहदेव घाबरला.

"मावशी, हा बी बसत नाई," तो कसाबसा म्हणाला. "दुसरा पाहतो. तवरोक जुनाच राहू द्या."

गंगूबाई दारातच उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने पिळा खाली ठेवला, त्याच्या पिशवीतून नवा वॉल्व्ह काढला आणि जुन्याशेजारी धरून पाहिला.

"काहून खोटं बोलून राहिले, भाऊ? हाच तं हाय."

"मावशी, आत काका..."

"मले मालूम हाय." तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. "लय थकली मी."

मग ती वाकली. त्या वाकड्या बोटांनी तिने कॉक हळूहळू फिरवला, पार घट्ट होईपर्यंत.

आत काहीच वाजलं नाही.

"बसवा आता," ती म्हणाली. "पानी नाई सांडनार."