चार बोटं लांब बाही

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी आत्या अजून त्याच घरात राहते. तिने जसं सांगितलं तसंच सांगते, पदरचं काही घालत नाही.

गेल्या पावसाळ्यात गटारं तुंबली आणि एका रात्रीत आत्याच्या तळघरात पाणी शिरलं. खालच्या तीन पायऱ्या बुडाल्या.

पंपाने पाणी उपसलं, तेव्हा तिथली जुनी ट्रंक हाती लागली. आतले रजयांसाठी जमवलेले कापडाचे तुकडे कुजले होते. ते सगळे फेकून द्यावे लागले.

वाचला फक्त एक राखाडी स्वेटर. अर्धवट. एकाच बाहीचा.

तो काकांसाठी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यासाठी, विणायला घेतला होता. दुसरी बाही सुरू व्हायच्या आधीच काका गेले, त्याला सहा वर्षं झाली होती.

काकांची एकच तक्रार असायची. "अगं, दर वेळी बाही आखूड! चार बोटं तरी वाढव."

आत्या म्हणायची, "तुमचेच हात लांब, त्याला मी काय करू?" आणि पुढची बाहीही आखूडच विणायची. बाही ती स्वतःच्या हातावर मापायची ना!

लेक बाळंतपणाला आली होती. पाच आठवडे उरले होते. बाळाची दुलई आजीनेच करायची, असा आत्याचा हट्ट. वरून विणलेली, आतून मऊ कापड लावून टाके घातलेली.

"लोकर चांगली आहे. उसवते हा," आत्या म्हणाली.

"आई, बाबांचा आहे तो."

"बाबा काय घालणार आहेत आता?"

हे बोलल्याचं तिला अजून वाईट वाटतं.

जुनी वीण उसवली की लोकरीला वळ्या राहतात. ओली करून वजन बांधून टांगली, की दोन दिवसांत त्या जातात.

या लोकरीच्या गेल्या नाहीत.

तरीही आत्याने तिचीच दुलई विणायला घेतली. दिवसभरात तीस ओळी झाल्या.

सकाळी पाहते तर... सुईवर दुलई नव्हती.

मनगटापाशी अरुंद, वर रुंद होत गेलेली पट्टी होती. बाहीची सुरुवात.

आणि ती ओली होती.

आत्याने ते उसवलं आणि पुन्हा दुलई विणायला घेतली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळीही.

"आई, तू झोपेत विणतेस," लेक म्हणाली. "आज सुया माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे."

"ठेव. झोपेत एवढं काम होत असेल तर मी दिवसा कशाला जागते?"

दोघी हसल्या.

दुपारी जेवून जरा पडल्या. घर शांत होतं.

टिक... टिक... टिक...

सुईवर सुई आपटल्याचा आवाज. आत्याचा जन्म तो आवाज ऐकण्यात गेलेला.

लेक उठून बसली. मुठीतली किल्ली तिने आईला दाखवली.

आवाज तळघरातून येत होता.

दोघी एकमेकींचा हात धरून दारापाशी गेल्या. दिवा लावला.

आवाज थांबला.

खालून तिसऱ्या पायरीवर बाही पडली होती. पूर्ण. सुया नाहीत, माणूस नाही.

वीण आत्याच्याच हाताची. तोच ताण, कडेला तोच एक सैल टाका.

तिने बाही आपल्या हातावर लावली. मनगट झाकलं, तळवा झाकला...

बाही चार बोटं लांब होती.

आत्या पायरीवरच बसली. "हे मी नाही विणलं गं," ती म्हणाली. "मी कधीच एवढं लांब नाही विणलं."

मग तिने दुलईसाठी नवी पिवळी लोकर आणली. दिवसा राखाडी स्वेटर, संध्याकाळी पिवळी दुलई. बोटं सुजली. लेक रागवायची. "बाळ आधी की हे?"

"हे झालं नाही, तर तुझे बाबा बाळाचं होऊ देणार नाहीत," आत्या म्हणायची.

दुसरी बाहीही तिने चार बोटं लांब केली. शेवटची गाठ मारून स्वेटर तळघराच्या दारामागे खिळ्याला अडकवला.

"घ्या. आता तक्रार नको."

त्यानंतर पिवळी दुलई कोणी उसवली नाही. बाळ आलं त्याच सकाळी तिचा शेवटचा टाका पडला. बाळ गुटगुटीत आहे, सगळं ठीक आहे.

परवा मी गेले होते, तेव्हा आत्याने मला तो स्वेटर दाखवला. कोणीही कधी अंगात घातलेला नाही.

पण कोपरांपाशी तो फुगला होता. वर्षभर वापरल्यावर फुगतो तसा.

मी बाहीला हात लावला. टोकं ओली होती. तळघर कोरडं होऊन आठ महिने झालेत...

तेवढ्यात आतून लेक दुलई घेऊन आली. एक कोपरा ओला झाला होता.

"बाळच ते, ओलं करणारच," ती हसत म्हणाली.

आत्याने दुलई हातात घेतली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे दिली.

त्या कोपऱ्याला तळघराचा वास येत होता.