मनातली हत्यारं

डॉक्टर दातांचे, पण हात लोहाराचे, असं त्यांची बायको म्हणायची. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी जीप डोंगरात घालायची, हा त्यांचा शिरस्ता. सोबत बायकोचा धाकटा भाऊ, त्याची स्वतःची जीप घेऊन. हा मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मागच्याच गल्लीत राहायचा. दोघांच्या गाड्या डॉक्टरांच्या घराला लागून असलेल्या गॅरेजात शेजारी शेजारी उभ्या असत. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी मेहुण्याकडे.

"मुद्दाम खड्ड्यात जायचं आणि बाहेर आलो म्हणून खूश व्हायचं," बायको म्हणायची. "मोठी माणसं दुसरं काहीतरी करतात."

गॅरेजची आतली भिंत डॉक्टरांच्या खास जिव्हाळ्याची. फळीवर खिळे मारून हत्यारं टांगलेली, बरीचशी घरी केलेली. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून केलेलं फावडं. वाळूत जॅक खचू नये म्हणून त्याच्याखाली घालायची रुंद पट्टी. टायरच्या खाचांत अडकलेला दगड काढायचा चिमटा. वेल्डिंग झालं की डॉक्टर प्रत्येक कड दातांच्या जुन्या ड्रिलने गोल करून घेत, म्हणजे अंधारात चाचपलं तरी हाताला कापत नाही. असं करणारा दुसरा कोणी त्यांना माहीत नव्हता.

सुरुवात झाली ती साध्या गप्पांतून. दगडाच्या एका बंद खाणीत चौघांची न्याहारी चालली होती. डॉक्टर, मेहुणा, लग्नांचे फोटो काढणारी एक बाई, जिला सगळे फोटोवाली म्हणत, आणि निवृत्त झालेले सर्व्हेअरकाका. बाजारात मिळत नाही असं गाडीसाठी काय हवं, हा विषय निघाला. काकांना उतारावरही सपाट राहणारी खुर्ची हवी होती. फोटोवालीला छतावर उन्हाने तापणारी पाण्याची टाकी.

मेहुणा म्हणाला, "मला दाजींच्या आधी घरी पोचणारी गाडी द्या, बस."

डॉक्टर म्हणाले, "लांब दांड्याचा आकडा हवा. चिखलात आडवं न पडता साखळी गाडीखालच्या कडीत अडकवता आली पाहिजे."

पुढच्या सुट्टीला सकाळी तो आकडा भिंतीवर होता.

डॉक्टरांनी तो काढून उजेडात धरला. दांडा हवा तेवढाच लांब, आकडा हवा तसाच वाकवलेला. मुठीवरचा रंग मात्र झिजला होता, वर्षानुवर्षं कोणी वापरावा तसा. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कड गोल होती.

"झकास जमलाय हं," ते मेहुण्याला म्हणाले.

"काय जमलाय?"

"हाच. माझी ड्रिलची युक्तीही उचललीस."

मेहुण्याने आकडा हातात घेतला, उलटसुलट केला. "दाजी, सकाळी सकाळी गंमत करताय काय? हे तुमच्या हातचं काम आहे."

दोघेही हसले. पण डॉक्टरांना वाटलं, हा जरा उशिराच हसला.

बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "परवा दुपारी ग्राइंडर चालू होता की. मला वाटलं, तुम्ही दवाखान्यातून लवकर आलात." त्या दुपारी डॉक्टर एका बाईची अक्कलदाढ काढत होते. मग उरला कोण? दुसरी किल्ली ज्याच्याकडे होती तोच.

चोरून भेट द्यायची आणि वर कानावर हात ठेवायचे, ह्यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण डॉक्टरांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हा आपल्या मागे आपल्या घरात येऊन बसतो. आपल्यासारखंच काम करतो, अगदी आपल्याच हातचं वाटावं इतकं. आणि तोंडावर नाही म्हणतो.

त्यांनी सापळा लावला. तिघांना तीन वेगळ्या इच्छा सांगितल्या, एकेकट्याला गाठून. फोटोवालीला सांगितलं, घडीची शिडीवजा पायरी हवी. काकांना सांगितलं, गाडी किती कलली ते दाखवणारा लोलक हवा. मेहुण्याला सांगितलं, रुतलेल्या चाकाखालची माती ओढायचं वाकडं खुरपं हवं. जे भिंतीवर येईल त्यावरून चोर कळणार होता.

खुरपं आलं नाही. लोलक नाही, पायरीही नाही.

आलं ते वेगळंच. एकदा दवाखान्यात रुग्णाच्या हिरडीला सुई लावताना डॉक्टरांच्या मनात उगाच येऊन गेलं होतं, की रेडिएटरच्या जाळीतलं गवत काढायला बारीक दात्यांचा, किंचित वाकडा कंगवा असावा. विचार आला आणि गेला. ते हे कोणाला बोलले नव्हते. बायकोलासुद्धा नाही.

कंगवा खिळ्याला टांगलेला होता. दात्यांत वाळलेलं गवत अडकलं होतं.

त्या दिवसापासून डॉक्टर गॅरेजात जाताना आधी दार उघडून बाहेरच उभे राहायला लागले. झोपेत आपण बडबडतो का, असं त्यांनी बायकोला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "घोरता. पण त्यातून शब्द कळत नाहीत." कुलूप बदलावं असं मनात येई. पण बदललं असतं तर बायकोला कारण सांगावं लागलं असतं, आणि तुझ्या भावाचा संशय येतो, हे वाक्य काही केल्या जिभेवर येईना.

मग ते पातं आलं.

तळहाताएवढं, पुढे चोचीसारखं वळलेलं, धार आतल्या बाजूला. मुठीला दोरी गुंडाळलेली. हे काय आहे ते डॉक्टरांना बघताक्षणी कळलं. गाडी उलटली, सीटबेल्ट अडकला, तर पट्टा कापायला. त्यांनी हे मागितलं नव्हतं. मनातसुद्धा नाही.

कोणाच्या मनात आलं असेल? आणि कोणाची गाडी उलटायची आहे?

ही भेट नाही, धमकी आहे, असं त्यांनी ठरवलं. पातं रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेलं आणि अवजारांच्या कपाटात कुलूपबंद केलं.

सुट्टीच्या दिवशी चौघं ओढ्याकाठच्या वाटेने निघाले. मेहुणा पुढे होता. ओढ्यात एक तिरपा, शेवाळलेला खडक आहे, त्याला वळसा घालून जायचं हे सगळ्यांना पाठ. त्या दिवशी मेहुण्याचं पुढचं चाक त्यावर चढलं. जीप हळूच कलली, विचार करत असल्यासारखी थांबली, आणि ड्रायव्हरच्या बाजूने पाण्यात आडवी झाली.

पाणी फार नव्हतं. पण आडव्या पडलेल्या माणसाला पुरेसं होतं. पट्टा आवळला होता आणि बक्कल निघत नव्हतं. वरच्या दारातून डॉक्टर आत वाकले तेव्हा मेहुणा मान उंच धरून श्वास घेत होता.

"दाजी, ते पातं! ते चोचीचं पातं द्या!"

पातं दवाखान्यातल्या कपाटात होतं.

"द्या ना! गाडीत आहे ना तुमच्या?"

काकांनी फळं कापायची सुरी पुढे केली. ती बोथट होती. पट्टा तुटेना. मेहुण्याचं तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. फोटोवाली त्याचं डोकं दोन्ही हातांनी वर ढकलत होती. डॉक्टर घासत राहिले. अखेर पट्टा सुटला, तेव्हा मेहुण्याने हातपाय हलवणं थांबवलं होतं.

काठावर काकांनी त्याच्या छातीवर दाब दिला. बऱ्याच वेळाने त्याने पाणी ओकलं आणि डोळे उघडले. उघडल्या उघडल्या तो डॉक्टरांकडे बघत होता.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने विषय काढला. बहीण स्वयंपाकघरात होती.

"दाजी, अपघाताच्या काही दिवस आधी मी गाडी पुसायला आलो होतो. पातं भिंतीवर होतं. म्हटलं, दाजींनी काळजीने केलंय. कुठे गेलं ते?"

"दवाखान्यात आहे."

"दवाखान्यात?"

"कपाटात. कुलपात. ते मी केलेलं नाही रे. तूच करतोस असं मला वाटलं. आणि कंगव्याचं तर मी कोणाला बोललोच नव्हतो. नुसतं मनात आलं होतं, आणि ते भिंतीवर आलं."

"नुसतं मनात आलं?"

"हो."

"पात्याच्या कडा मी बोटाने पाहिल्या होत्या, दाजी. गोल होत्या." त्याने खिशातून गॅरेजची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही घ्या. म्हणजे पुन्हा कोणावर संशय नको."

त्याची जीप भंगारात गेली. महिनाभराने तो डॉक्टरांच्या गाडीतून यायला लागला. यायला त्याने नकार दिला नाही, ह्याचंच बायकोला केवढं बरं वाटलं. न्याहारीला फोटोवालीने वातावरण हलकं करायला तोच जुना खेळ काढला. काका म्हणाले, "मला काही नको आता." डॉक्टरांनी चहा ओतायला घेतला.

"तुला रे?" तिने मेहुण्याला विचारलं.

"हवंय एक," तो म्हणाला.

"काय?"

"असू दे. मनातच ठेवतो."

पुढच्या सुट्टीला सकाळी डॉक्टरांनी गॅरेज उघडलं. दोन्ही किल्ल्या त्यांच्या खिशात होत्या. आधी भिंत पाहिली. सगळे खिळे नेहमीसारखे, नवं काही नाही. त्यांना हायसं वाटलं. मेहुणा फाटकापाशी येऊन थांबला होता, त्याला त्यांनी हात केला.

ते गाडीत बसले. दार ओढून घेतलं, काच खाली केली आणि सवयीप्रमाणे हात बाहेर टाकला.

बोटांना काहीतरी लागलं.

त्यांनी वाकून पाहिलं. दाराला बाहेरच्या बाजूने एक कडी बसवलेली होती. नीटस, मजबूत, घरी केलेली. आतून बोटं जेमतेम टेकतील पण सरकवता येणार नाही इतकी खाली, आणि फक्त बाहेरून लावता येईल अशी.

कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. लोखंड अजून गरम होतं.

मेहुणा दारापाशी येऊन उभा राहिला होता. त्याने गाडीच्या टपावर हलकेच थाप मारली.

"निघू या ना, दाजी?"