न दुखलेलं काळीज

"हिला इचारा, मला पोटभर कवा वाढलंय!" नाथाजींनी ताट पुढं सारलं आणि व्याह्यांच्या देखत त्यांचा आवाज चढला. "समद्यांना पुरणपोळी, आन मला हे पानचट वरण! हार्टच्या दुखण्यानं न्हाई, ह्या बाईच्या हातनं मरणार हाय मी!"

स्वयंपाकघरात पोळी उलटता उलटता मनुबाईंचा हात थबकला. दोघं सांगलीला, विश्रामबागेतल्या लेकाच्या, जयराजच्या, घरी आली होती. सून प्रांजलचे आईवडील खाली मान घालून जेवत राहिले... मनुबाईंना उत्तर देता आलं असतं. पण उत्तर द्यायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते त्राणच गेल्या दिवाळीपासून कुठं हरवलं होतं कोण जाणे! धुणं पिळताना हात गळून जात. जिना चढताना मध्येच पदर सारखा करायचं निमित्त करून त्या थांबत. "सोंगं करती!" नाथाजी म्हणत, आणि त्या ते ऐकून पुन्हा कामाला लागत.

तीन वर्षांपूर्वी, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेल्या नाथाजींच्या काळजाला साताऱ्यात स्टेंट बसवला, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका सिस्टरनं सहज म्हणून मनुबाईंचं रक्त तपासलं होतं. नाथाजींसारखी साखर त्यांनाही निघाली! रक्तातली चरबीही इतकी वाढलेली, की डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्यांबरोबर कोलेस्टेरॉलचीही गोळी दिली. पण त्याच डॉक्टरांनी बजावलं होतं, नाथाजींच्या जिवाला घोर लागता कामा नये. मनुबाईंनी आपलं दुखणं मनातच पुरून टाकलं. बहिणीकडं जाते असं सांगून त्या म्हसवडजवळच्या आपल्या मळ्यातून साताऱ्याला जात, गोळ्या आणत आणि धान्याच्या डब्यामागं लपवून ठेवत.

अशाच एका दिवशी नाथाजींनी साखरेची गोळी घेतली आणि रागारागात जेवणाला हातच लावला नाही. साखर एकदम उतरली, आणि ते घामानं निथळत बांधावर कोसळले. शेजाऱ्यांनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. मनुबाई परतल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी मरत हुतो, आन तू बहिणीकडं मिरवत हुतीस!"

ते वाक्य मनुबाईंच्या अंतःकरणात कायमचं रुतलं. त्या पुन्हा म्हणून घर सोडून गेल्या नाहीत. त्यांच्या गोळ्या संपल्या; नव्या आणल्याच नाहीत. नाथाजींची मात्र एकही गोळी चुकली नाही!

...शेवटची पोळी प्रांजलच्या हाती देताना मनुबाईंच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कपाळावर गार घाम फुटला आणि त्या ओट्याला टेकून खाली बसल्या.

"आई! आई, काय होतंय?"

"काय न्हाई गं... दमले जरा."

"झालं हिचं सुरू!" बाहेरून नाथाजी म्हणाले. पण जयराजनं आईचा चेहरा पाहिला आणि गाडीची किल्ली उचलली.

सांगलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी बापलेकाला आत बोलावलं. "हा दुसरा अटॅक आहे. पहिला मागेच कधीतरी येऊन गेलाय."

"आसं कसं? छातीत दुखलं म्हणून ती कवा बोलली न्हाई!" नाथाजी म्हणाले.

"मधुमेहात नसा बधिर होतात, कधी कधी छाती दुखतच नाही. नुसता थकवा येतो, दम लागतो. थकल्यासारखं होतं का त्यांना?"

नाथाजी क्षीण आवाजात म्हणाले, "मधुमेह...? तिला?"

खाटेपाशी येऊन त्यांनी मनुबाईंचा हात धरला. "मनू, सांगितलं का न्हाईस गं?"

"तुमच्या जिवाला घोर नको, म्हनले हुते डाक्टर."

"आन त्या दिशी... मी बांधावर पडलो तवा..."

"माझ्या गोळ्या आणाय गेलते."

आयुष्यभर ताठ राहिलेला तो माणूस खाटेच्या कठड्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. "मी तुला न्हाई न्हाई ते बोललो गं! चारचौघांत बोललो!"

"आवं, रडू नका... तुमच्या छातीला ताण बसंल."

"माझ्या छातीचं बास झालं!" ते कळवळून म्हणाले. "आता तुझ्या छातीचं बोल, मनू!"

बायपास झाली, मनुबाई वाचल्या. पण काळजाचा जो भाग निकामी झाला होता तो काही परत येणार नव्हता; पहिली ताकद आता कधीच यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पुढं एका दुपारी जयराजच्या घरी गावाकडची माणसं भेटायला आली. दारातल्या चपलांचा आवाज ऐकून सवयीनं मनुबाईंनी उठायला हात टेकला... तोच बाहेरून नाथाजींचा दबका स्वर आला, "बारीक बोला गड्यांनो. ती दमलीया. लय वर्षांची दमलीया."

मनुबाईंनी टेकलेला हात हळूच काढून घेतला. पाहुणे घरात आलेले असताना, भर दुपारी, त्या कुशीवर वळल्या आणि निवांत झोपी गेल्या.