शून्य वाजून चार मिनिटं

चष्मेवाला दार न ठोठावताच आत आला आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, माझी वेबसाइट चोरीला गेलीय. आणि तिच्याबरोबर माझी बायको."

मास्तरांनी वही उघडली. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक ते. गेली तीन वर्षं तपासनीस बाईंच्या कचेरीत टिपणं काढत होते. हात झरझर चालतो, डोकं मात्र बैलगाडीनं येतं, असं ते स्वतःच सांगत.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "बायको कधी गेली?"

"चौदा महिने झाले. घरातून निघाली ती निघालीच. तिला शोधायला मी वेबसाइट काढली. नाव ठेवलं 'परत ये'. गावोगावी पत्रकं चिकटवली. कुणाला दिसली तर त्यानं वेबसाइटच्या पत्त्यावर मेल करायचा. गेल्या तेवीस तारखेला एकाचा मेल आला. बाई नक्की पाहिली, दोन दिवसांत ठिकाण कळवतो. आणि चोवीसला वेबसाइटचं नाव दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात! आता तिथं एवढंच दिसतं."

त्यानं मोबाईल पुढे केला. पांढऱ्या पानावर दोन ओळी होत्या. 'शोध संपला. ह्या बाईला आता कुणीही शोधू नये.'

"लोकांना वाटतंय ती मेली," चष्मेवाला म्हणाला. मास्तरांना त्याची फार दया आली. स्वच्छ शर्ट, कापलेली नखं, आणि डोळ्यांत पाणी. असा नवरा सोडून जाते म्हणजे काय!

त्यानं जुन्या पत्रकाची प्रत दिली. बाईंच्या सांगण्यावरून मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली. "ओळखीच्या खुणा. डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. उजवं मनगट वाकडं. मानेमागे भाजल्याचा डाग."

"फार बारकाईनं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"नवरा आहे मी. मला नाही माहीत असणार तर कुणाला?"

"नाव विकत घेतलं होतं?"

तो थोडा ओशाळला. "फुकटातलं होतं. फुकट मिळत असताना पैसे कशाला घालायचे? पण नाव देणाऱ्या कंपनीनं मला एक मेल पाठवला नाही, की बाबा, मुदत संपतेय. हे काम मेव्हण्याचं. बायकोच्या भावाचं. नाहीतर माझ्या चष्म्यांच्या दुकानातल्या कारागिराचं, वेबसाइट त्यानंच बनवलीय. चोराचं नाव सांगा, मग मी बघतो."

"आणखी घरात कोण?"

"आई. पण तिला मोबाईलसुद्धा उचलता येत नाही. मोतीबिंदू झालाय."

तो गेल्यावर बाईंनी कंपनीकडून नोंद मिळवली. मास्तरांनी ती उतरवून घेतली. नावाची मुदत संपली तारीख चोवीस, शून्य वाजता. नवीन मालकाची नोंद तारीख चोवीस, शून्य वाजून चार मिनिटं. आठवणीचे मेल चार. चारही पोचले, चारही उघडले गेले.

"म्हणजे रात्री बारा वाजून चार मिनिटांनी," मास्तर म्हणाले. "टपूनच बसला होता कुणीतरी."

बाई नोंदीच्या तळाशी छापलेला कंपनीचा पत्ता वाचत होत्या. पार समुद्रापलीकडचा कुठलातरी देश. "टपून बसलं होतं खरं," एवढंच त्या म्हणाल्या.

मेव्हण्याची लाँड्री एका बोळात होती. त्यानं हातातली इस्त्री खाली ठेवली नाही.

"चोवीस तारखेला कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"रात्री बाराला माणूस कुठे असतो? अंथरुणात. भाऊजी परवा येऊन, रात्री बाराला नाव चोरलंस म्हणून शिव्या घालून गेले. मला तर मेल कसा करतात तेही येत नाही. पण ज्यानं केलं त्याच्या तोंडात साखर पडो."

"बहिणीच्या अंगावर ह्या खुणा लहानपणापासूनच्या?" बाईंनी पत्रक पुढे धरलं.

त्यानं वाचलं. मग इस्त्री अर्ध्या शर्टावर टेकवून आतून एक फोटो आणून समोर ठेवला. लग्नातला. हसरी मुलगी, दात सगळे धड, कपाळ लख्ख, बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात सरळ. "माझ्याकडे तिनं एकदाच तोंड उघडलं," तो म्हणाला, "आणि मी म्हणालो, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच." इस्त्री शर्टावर तशीच राहिली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यानं इस्त्री उचलली.

मास्तरांनी एकदा फोटो पाहिला, एकदा पत्रक. आपण ती यादी कशी घडाघडा वाचली होती!

दुकानाच्या मागच्या खोलीत कारागीर काचा घासत होता. घाबरलेला, पण बोलायला मोकळा.

"वेबसाइट मी बनवली, पण खातं मालकांचं. फुकटच्या नावाचं असं असतं बघा. एक वर्ष तुमचं. शेवटच्या पंधरा दिवसांत चार मेल येतात. त्यातलं बटण दाबलं की आणखी एक वर्ष फुकट. नाही दाबलं की नाव मोकळं. जो आधी येईल त्याचं. मग त्या नावावर येणारे मेलसुद्धा त्यालाच."

"मेल येतात कुठे?"

"मालकांच्या खात्यात. पासवर्ड कुणाला देत नाहीत. इथं उघडतही नाहीत. घरच्या लॅपटॉपवर खातं उघडं असतं, रोज रात्री गेल्यावर बघतात."

"चोवीस तारखेला कुठे होतास?"

"रात्री? घरी, मुलाला ताप होता. बायकोला विचारा. आणि दहा ते आठ दुकानात, मालकांच्या नजरेसमोर."

चष्मेवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. आई खिडकीशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत टेबलावर होता.

"मला काय विचारता, बाई?" म्हातारी म्हणाली. "डोळ्यांपुढे नुसतं धुकं. त्या यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही." बोलता बोलता दोरा संपला. तिनं नवा घेतला, टोक ओठांत ओलं केलं आणि डाव्या हातानं पहिल्या खेपेला सुईत ओवला. उजवा हात तिनं मांडीवर तसाच ठेवला होता.

भिंतीवर एक जुना फोटो होता. कानाला यंत्र लावलेल्या दहा-बारा बायका ओळीनं बसलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावर सहा घड्याळं. सहाही वेगवेगळी वेळ दाखवणारी. मास्तरांना चित्र म्हणून ते फार आवडलं.

"मी ट्रंक ऑपरेटर होते," म्हातारी म्हणाली. "परदेशचे कॉल जोडायचे. बावीस वर्षं."

"चोवीस तारखेला कुठे होतात, मावशी?"

"मी कुठे जाणार? सकाळी साडेदहाला डोळ्यांत औषध घालून पडले होते."

बाईंनी मान डोलावली आणि पाणी मागितलं.

जिन्यात मास्तर म्हणाले, "तिघांपैकी एकही नाही. मग कोण?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा, मास्तर," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्या दुपारी पुन्हा यायचंय. त्याआधी मेव्हण्याला घेऊन एके ठिकाणी जाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीनं दार उघडलं. बाई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

"मावशी, तुमच्या मुलाला वाटतं कुणीतरी त्याचा पासवर्ड चोरला. पण पासवर्ड लागलाच नाही. कंपनीचे चारही मेल उघडले गेले, आणि खातं उघडं असतं ते फक्त ह्या घरात. दिवसभर ह्या घरात तुम्ही एकट्या."

म्हातारीची सुई थांबली.

"पान नुसतं पुसून भागलं नसतं. त्यानं संध्याकाळी पुन्हा लिहिलं असतं. म्हणून मेल पुसले आणि मुदत संपू दिली. आता गावोगावची पत्रकं वाचून लोक ज्या पत्त्यावर लिहितील, तो तुमचा."

"मला दिसत नाही," म्हातारी पुटपुटली.

"सुईचं नेढं दिसतं की. आणि नोंदीत होतं शून्य वाजून चार मिनिटं. मास्तर, मेव्हणा, कारागीर, तुमचा मुलगा, सगळ्यांनी ती रात्र धरली. मी वेळ सांगितली नव्हती, तरी त्या दोघांनी रात्रीचा हिशोब दिला. पण ते घड्याळ कंपनीच्या देशातलं. तिथं मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा. हे त्यालाच ठाऊक, जो नाव मोकळं होण्याची वाट पाहत बसला होता. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खऱ्या वेळेचीच सबब तयार ठेवतं, मावशी. आणि देशोदेशींची घड्याळं तुम्ही बावीस वर्षं डोक्यावर घेऊन बसलात."

मास्तरांनी वही मिटली. त्यांना आता कुठे सगळं दिसत होतं.

"ह्या मनगटाचं काय झालं?" बाईंनी हलकेच विचारलं.

"ह्याच्या बापानं," म्हातारी म्हणाली. "सुनेचं ह्यानं. बाईचं मनगट कुठल्या बाजूला पिरगाळायचं, ते ह्यानं घरातच पाहिलं होतं."

"त्या माणसाचा मेल आला?"

"पंचवीसला आला. ठिकाण, फोन नंबर, सगळं. वाचलं आणि पुसून टाकलं."

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. बाईंनी बोलावलेला चष्मेवाला आत आला. "कळलं?"

"कळलं," बाई उठत म्हणाल्या. "पण तुमचं काम मी सोडलंय. नाव सांगणार नाही."

"नका सांगू. मेव्हणाच तो. आज त्याचे हात असे करतो की जन्मात इस्त्री धरणार नाही."

"तो नाही," म्हातारी म्हणाली. "नाव मी घेतलं."

तो हसला. "तू? तुला बटण कुठलं ते—"

"चारही मेल मी पुसले. आणि पत्ताही मलाच आला."

हसू जागच्या जागी विझलं. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "आई, पत्ता दे." आणि एक पाऊल पुढे आला.

मास्तर मध्ये उभे राहिले. ते हलले नाहीत.

"तुमच्या मागोमाग पोलीस जिना चढताहेत," बाई म्हणाल्या. "मेव्हण्यानं सकाळी तक्रार दिलीय. लग्नातला फोटो आणि तुमचं पत्रक, दोन्ही जोडलंय. पुरावा तुम्हीच हजार प्रती छापून वाटलात."

चष्मेवाल्यानं लॅपटॉपकडे झेप घेतली.

"त्यात काही नाही," म्हातारी म्हणाली. "नंबर लिहून ठेवायची मला कधी गरज पडली नाही." तिनं पायात चपला सरकवल्या आणि मागे वळून न बघता बाहेर पडली. वर जाणाऱ्या दोन शिपायांना तिनं भिंतीला टेकून वाट दिली.

खाली फाटकाशी पोचल्यावर तिनं मास्तरांकडे फोन मागितला. दहा आकडे एकदाही न अडखळता दाबले. बराच वेळ घंटी वाजली. मास्तर शेजारीच होते. त्यांना पलीकडचा बारीक आवाज स्पष्ट ऐकू आला. "कोण?"

"मी गं, सूनबाई. एकटीच आहे. त्याला पोलीस न्यायला आलेत. मी येऊ का तुझ्याकडे?"

पलीकडे आधी दाराची कडी लागली.

मग आवाज आला. "आई, त्या रात्री मी तुमच्या खोलीचं दार किती वाजवलं. का नाही उघडलंत?"

म्हातारीनं फोन दोन्ही हातांनी धरला. "जागी होते मी," ती म्हणाली. "कडीला हात लावून उभी होते. भ्याले गं."

म्हातारी फाटकाशी तशीच उभी राहिली, फोन कानाला लावून. आणि पलीकडच्या बाईनंही फोन ठेवला नाही.