पाळण्यातली स्वच्छ जागा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मोजून पाहिल्याशिवाय मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. पण हे माझ्या घरात घडलंय, आणि ते फोटो अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहेत.

रात्रसुद्धा नव्हती.

रविवार, १५ जानेवारी २००६. जर्मनीतलं आखन. दुपारचे साडेचार, म्हणजे इथल्या हिवाळ्यात दिवेलागणीची वेळ.

आमच्या अवनीचं बारसं होतं. बारा दिवसांची पोर. ऊर्मिलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. मनोरमाबाई. मी त्यांना आईच म्हणतो.

सकाळीच आईंनी विचारलं, "सुधीरराव, वरवंटा कुठंय?"

आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात. त्याला टोपरं बांधायचं, कुंकू लावायचं, आणि बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे द्यायचा. मग बाळ. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून.

आमच्या घरात होता मिक्सर.

"एखादा गुळगुळीत दगड आणा मग. चालतो."

इमारतीमागे बाग होती. कुंपणाशी वेलाच्या जाळीत मला हवा तसाच दगड दिसला. काळा, लांबट, वीतभर. आयताच मिळाला म्हणून मी खूश. उचलायला गेलो तर निघेना...

तो उभा रोवलेला होता.

मी तो हलवून हलवून उपटला, धुतला आणि आईंच्या हातात दिला. रोवलेला होता हे सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं तेव्हा वाटलं.

आत्या म्हणून शेजारच्या गल्लीतली मीनल आली होती. तिने आणि आईंनी दगड खालून-वरून दिला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या..." मग त्याच्या शेजारी अवनीला निजवलं.

मी कॅमेरा काढला. नवा होता, पहिला डिजिटल. आई लगेच म्हणाल्या, "ते चकचक नको हं. बाळाचे डोळे कोवळे असतात."

फ्लॅश बंद. खोलीत निरांजन आणि खिडकीतला उरलासुरला उजेड. मग मी आयएसओ वाढवला, थेट ३२००. आयएसओ वाढवला की कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं, पण फोटोत रव्यासारखे दाणे येतात. सगळीकडे. त्याला इलाज नसतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर फोटो मोठे करून पाहिले. भिंतीवर दाणे. आईंच्या साडीवर दाणे. अवनीच्या गालावरही.

फक्त पाळण्यात, तिच्या पायांशी...

एक जागा स्वच्छ होती. एकही दाणा नाही.

वीतभर असेल. लेन्सवर डाग असेल म्हणून पुसून परत फोटो काढले. भिंतीचे, पलंगाचे, रिकाम्या खुर्चीचे. सगळीकडे दाणे. पाळण्याचा काढला...

ती जागा होतीच. पण आता अवनीच्या कमरेपाशी आली होती.

दगड तर आईंनी कालच स्वयंपाकघरात नेला होता, आलं ठेचायला.

आयएसओ शंभरवर ठेवून दिवसाउजेडी फोटो काढले. काही नाही. गोड पोरगी, बाकी काही नाही. मग मला कळलं, शंभरवर दाणेच नसतात. मग दाणे नसलेली जागा दिसणार कशी?

ऊर्मिलाला मी यातलं काही बोललो नाही. ओली बाळंतीण ती. शिवाय तिच्यामागे वेगळीच काळजी लागली होती.

अवनीचं वजन उतरत होतं.

इथे बाळंतपणानंतर हेबामे घरी येते, म्हणजे सुईण. आमच्या फ्राऊ हेनेस झोळीच्या काट्यात अवनीला घालून तोलायच्या. बारशाआधी ३२५० ग्रॅम. मंगळवारी ३१८०. गुरुवारी ३०९०.

"हे बघा, दूध भरपूर आहे," त्या ऊर्मिलाला म्हणाल्या. "बाळ पितं तरी आहे ना?"

"सारखी पिते. तरी भुकेलीच."

"उद्या आणखी उतरलं तर हॉस्पिटल."

त्या गेल्या. ऊर्मिला अवनीला घेऊन आंघोळीच्या खोलीत गेली. मी पाळण्याजवळ एकटाच होतो. पाळणा रिकामा.

आणि त्यातून आवाज आला...

चुटुक. चुटुक. चुटुक.

बाळ दूध पिताना येतो तसा.

मी कॅमेरा घेतला. दुधाची वेळ झाली तेव्हा ऊर्मिलाचा एक फोटो काढला. आयएसओ ३२००. ती अवनीला एका अंगाला पाजत होती.

स्वच्छ जागा दुसऱ्या अंगाला होती. आता तिला डोकं होतं. मिटलेली मूठही.

मी फोटो घेऊन आईंकडे गेलो आणि दगडाचं सगळं सांगितलं.

"रोवलेला दगड उपटून आणलात?"

"हो."

"कुणीतरी कुणासाठी तरी लावला असेल, सुधीरराव. आपण त्याला टोपरं घातलं. नाव घेऊन बोलावलं. पाळण्यात आधी त्याला निजवलं आणि मग आपली पोर. त्याचा काय दोष?"

त्यांनी दगड साबणाने धुतला. पुन्हा तेच टोपरं बांधलं. वाटीत ऊर्मिलाचं चमचाभर दूध घेतलं. आम्ही दोघं बागेत गेलो, त्याच खळग्यात दगड उभा केला आणि दूध घातलं. आई वाकून हळूच म्हणाल्या, "नीज बाळा. इथंच नीज."

दुसऱ्या दिवशी अवनी ३१४० भरली. फ्राऊ हेनेस हसल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

तेव्हापासून मी फोटो फक्त उन्हात काढले. तीन वर्षं.

गेल्या आठवड्यात, चार जानेवारीला अवनीचा तिसरा वाढदिवस झाला. आई पुन्हा आल्या होत्या. औक्षणाला खोलीतले दिवे घालवले, समोर निरांजन, आणि ऊर्मिलाने माझ्याच कॅमेऱ्याने फोटो काढला. आयएसओ कॅमेऱ्याने आपणहून वाढवला होता. मला उशिरा कळलं.

पाटावर अवनी बसली आहे. सगळीकडे दाणे.

तिच्या शेजारी स्वच्छ जागा आहे. तिच्या खांद्याएवढी उंच.

तोही वाढलाय.

मी अवनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाटावर एवढी कडेला का गं बसली होतीस?"

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "डा झिट्स्ट डोख गोविंद, पापा." तिथे गोविंद बसलाय ना, बाबा.

हे नाव आम्ही या घरात पुन्हा कधी काढलं नव्हतं.

बागेत जाऊन पाहिलं. दगड जागेवर आहे. टोपरं मात्र नाही. तीन वर्षांत कुजलं असेल.

आता मी रोज सकाळी अवनीला वजनकाट्यावर उभी करतो आणि लिहून ठेवतो. काल ती दोनशे ग्रॅमने कमी भरली.

ऊर्मिला म्हणते, सर्दी झाली आहे तिला.