त्या दिवशी जमादार मोकळा होता

"आवं, हाय का कोन घरात?"

मी चुलीपुढून उठले. हाताला पीठ तसंच. दारात एक उंच, तरणा माणूस उभा होता. कोपरापर्यंत पिवळाधमक. त्याच्या एका हातात आमच्या जमादाराचं मानगूट, दुसऱ्या हातात नाईकाचं. आणि दोन्ही कुत्र्यांचे पाय थेट गुडघ्यापर्यंत पिवळे!

"तुमच्या कुत्र्यास्नी हळद लागलीया," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "वरात कवा काढायची?"

मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावावा तर हाताला पीठ. "ज्यांनी हळद लावली, त्यांनीच काढावी की," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझे कान गरम झाले.

तो जोतीराम. शेजारच्या साळूबाईंचा मुलगा. लहानपणापासून पाटणला मामाकडे वाढलेला. वडील गेले म्हणून त्या माघात कुंडलला परतलेला. आमच्या दोन घरांमध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण होतं, तरी मी त्याला धड पाहिलं ते त्या सकाळी. हळद काढायचे दिवस होते. शिजवलेली हळद त्यांच्या खळ्यावर वाळत पडली होती आणि आमची कुत्री तिच्यावरून पळापळी खेळून आली होती.

"बांधून ठेवा," जाताना तो म्हणाला. "आई लय भेती कुत्र्याला. ल्हानपनी चावलंय तिला."

"दादानं बांधू नको म्हणून सांगितलंय."

"दादा कुठं हायत?"

"लढाईवर. इटलीत."

तो थोडा थांबला. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि निघून गेला.

कुत्री माझ्या भावाची, नाथाजीदादाची. पिल्लं होती तेव्हाच त्यानं त्यांना पलटणीतल्या हुद्द्यांची नावं दिली होती. बोटीवर चढण्याआधी त्यानं कागद धाडला, मास्तरांनी तो वाचून दाखवला: 'मनू, कुत्री बांधू नकोस. बांधलं की कुत्रं खचतं.' आई नव्हती, आबा दिवसभर रानात. कुत्र्यांचं सगळं माझ्याकडेच होतं. सगळं म्हणजे काय, तर दोन वेळा भाकरी घालायची आणि दार उघडं ठेवायचं. याहून जास्त काही करायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मग काय... दिवसाआड तो कुत्री घेऊन दारात! एकदा हळदीवरून, एकदा त्यांच्या शेळीच्या मागे लागली म्हणून, आणि एकदा कशावरून हे त्यालाच सांगता येईना.

"आज काय केलं यांनी?" मी विचारलं.

"आज... काय न्हाई." तो मान खाली घालून जमादाराचे कान कुरवाळत राहिला. "वाटंत भेटली. म्हटलं, पोचवावी."

"ओढ्यापासून? ती रोज एकटीच येतात."

"मग आज दुकटी आली."

मी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिताना तो तांब्याच्या काठावरून बघत होता. मी बघत नव्हते... म्हणजे, बघत नाही असं दाखवत होते.

एके दिवशी त्यानं चांभाराकडून दोन कातडी पट्टे करवून आणले, आणि बाजारातून दोन साखळ्या. मी साखळ्या हातातही घेतल्या नाहीत.

"मनुबाई, ऐका तरी. बांधनं म्हंजे शिक्षा न्हवं. सकाळ-संध्याकाळ दोरी धरून लांब फिरवायचं, पोटभर खायला घालायचं, आन् मग बांधायचं. दमलेलं कुत्रं झोपतंय. तुमी त्येला मोकळं सोडता, म्हंजे गावाच्या अंगावर सोडता."

"तुम्हांला फार कळतं कुत्र्यांतलं!"

"कुत्र्यांतलं कळतंय," तो हळूच म्हणाला. "मानसांचं शिकतोय."

त्यानंतर आम्ही ओढ्याच्या कडेनं कुत्री फिरवू लागलो. तो ओढ्याच्या त्या बाजूनं नाईकाला घेऊन, मी या बाजूनं जमादाराला. मध्ये पाणी, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको. करंजाला नवी पालवी फुटली होती, ऊन कोवळं असायचं. तो पलीकडून सांगायचा, 'दोरी सैल धरा, ओढू नगा... आता थांबा म्हना.' जमादार पहिल्यांदा माझ्या शब्दावर थांबला, तेव्हा आम्ही दोघंही एकदम हसलो होतो. पण घरी आल्यावर बांधलं की जमादार असा काही गळा काढायचा की माझा जीव तुटायचा. मी घटकाभर कसंबसं सोसायची, मग सोडून द्यायची. जोतीरामला म्हणायची, "बांधलंय हो."

हे खोटं मी चार-पाच वेळा बोलले असेन.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. फिरून परतताना तो ओढा ओलांडून माझ्या बाजूला आला. पाण्यानं भिजलेले पाय, हातात पट्टा.

"परवा दुपारी आई तुमच्याकडं येनार हाय," तो म्हणाला.

"का?"

"का म्हंजे..." तो हातातला पट्टा गुंडाळू लागला. "आबांशी बोलायला. आपलं... बोलायला. तुमची ना असंल तर आत्ताच सांगा."

मी पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिले. मग म्हटलं, "ना म्हणायला मी काय येडी हाय?" त्याच्यासारखं बोलले मी, त्याच्या बोलीत. तो असा हसला, की आजही डोळे मिटले तर ते हसू दिसतं.

"एकच मागतो," तो म्हणाला. "परवाचा दिवस कुत्री बांधून ठेव. आई जिवावर उदार हून येतीया."

'ठेव' म्हणाला. 'ठेवा' नाही. मी त्या एका शब्दात इतकी गुंगले की बाकीचं अर्धवटच ऐकलं.

त्या दिवशी सकाळी मी दोन्ही कुत्री साखळीनं बांधली. अंगण सारवलं, हिरवं लुगडं नेसले. फिरवायला मात्र नेलं नाही, वेळच नव्हता. जमादार रडायला लागला. आबा म्हणाले, "मने, गप कर त्येला, पावनं यायचं हायत." मला वाटलं, दुपारला अजून अवकाश आहे. घटकाभर सोडू, मग बांधू.

साळूबाई दुपारची वाट न बघता आल्या. ऊन व्हायच्या आत जाऊन यावं, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. हातात ओटीचं तबक. मोकळा सोडलेला जमादार कुंपणापाशी होता. त्याला बघून साळूबाई भिऊन मागे सरल्या, आणि तो धावला. मी "थांब" म्हणून ओरडले. तो थांबला नाही. त्यांच्या पोटरीत दात रुतले, त्या दगडावर पडल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. मी पोचले तेव्हा त्या नुसत्या "बाळा, बाळा" म्हणत मुलाला हाका मारत होत्या. लोक काठ्या घेऊन धावले आणि जमादार उसात पळाला.

जोतीराम आला. आईला उचलताना त्यानं अंगणातली रिकामी साखळी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. आणि आईला घेऊन मिरजेला गेला. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी निरोप धाडला: कुत्रं बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा, धड राहिलं तर सुया थांबवता येतील. पण कुत्रं होतं कुठं? मी आणि आबांनी ऊस पालथा घातला. त्या माउलीला पोटात चौदाच्या चौदा सुया घ्याव्या लागल्या. पंधराव्या दिवशी जमादार शेपूट हलवत दारात उभा! ठणठणीत. त्याला बघून मी जी रडायला बसले, ती आबांना आवरेना.

त्या दिवसापासून मी त्याला रोज फिरवू लागले, रोज बांधू लागले. एकदाही चुकले नाही. आणि साळूबाई घरी आल्या, बाजेवर पडून राहिल्या, तरी कुंपणापलीकडे पाऊल टाकायचं मला धाडस झालं नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? आज नको, उद्या जाऊ. उद्या त्यांच्याकडं कुणी पाहुणे असायचे. असा महिना गेला. मला वाटे, तो एकदा हाक मारील. नुसतं "मनुबाई" म्हणाला तरी मी धावत जाईन...

वैशाखात दादाचं पत्र आलं. मी सगळं मास्तरांकडून त्याला लिहून कळवलं होतं. मास्तरांनी वाचलं: 'बांधू नको म्हणालो, मोकाट सोड म्हणालो नव्हतो. रजेवर असताना मी रोज पहाटे त्यांना दोन कोस पळवत होतो, ते तू बघितलं नाहीस का? चूक माझी, की नीट सांगितलं नाही. पण माफी तुला मागायची आहे. जा.'

त्याच पावली गेले.

साळूबाईंनी मला जवळ बसवलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "कुत्रं चावलं त्येचं काय न्हाई गं. मुकं जनावर ते. तू आली न्हाईस, त्ये लागलं."

परतताना गोठ्यापाशी जोतीराम उभा होता. हातातला कडबा तसाच.

"लय उशीर केलास," तो म्हणाला.

"मी तुमच्या हाकेची वाट बघत होते."

"आन् मी तुझ्या पावलाची." त्यानं कडबा खाली ठेवला. "आई पडून. घरात बाईमानूस न्हाई. मामानं पाटनची पोरगी बघितली. परवा... परवाच मी व्हय म्हनून आलो, मने."

"परवा?"

"परवा."

दोन दिवस. मी मोजत राहिले, जणू मोजून ते कमी होणार होते.

"शब्द मोडता येत न्हाई," तो म्हणाला, आणि मला दिसलं की मी 'मोडा' म्हणेन याचीच त्याला भीती वाटते आहे. मी तसं म्हटलं नाही. ती पोरगी तिकडं पाटणला बसून स्वप्नं बघत असेल. तिनं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवसापासून मी साळूबाईंकडे रोज जाऊ लागले. त्यांना धरून उठवायचं, अंगणात चार पावलं चालवायचं, घोट्याला तेल चोळायचं. मी यायच्या आधी जोतीराम रानात गेलेला असे. चुलीवर मात्र माझ्यासाठी कपभर चहा झाकून ठेवलेला असायचा. साळूबाई एकदा म्हणाल्या, "आज त्येनं गूळ जास्ती घातलाय वाटतं." मी म्हटलं, "न्हाई, बराबर हाय."

ज्येष्ठात लग्न ठरलं होतं. आदल्या सकाळी साळूबाई माझा हात न धरता तुळशीपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मी टाळी वाजवली. त्या मात्र हसल्या नाहीत. उंबऱ्यावर टेकल्या, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"उद्यापासनं येऊ नगंस, पोरी," त्या म्हणाल्या. "सून येनार हाय. तिच्या जागी तुला बघायची सवय लागलीया मला... ती मोडू दे."

मी "व्हय" म्हणाले. त्यांना पाणी दिलं, तेलाची वाटी कोनाड्यात ठेवली आणि घरी आले.