चौथी हाक

या, असे जवळ या. मागे टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरकावं, कारण ही गोष्ट हळू आवाजातली आहे. भक्तीच्या नऊ पायऱ्या सांगतात, त्यातली पहिली ऐकण्याची. गाणं-नाचणं सगळं मागाहून. आज मी तुम्हाला एका ऐकणारीची आणि एका न ऐकणाऱ्याची कथा सांगणार आहे. दोघांच्या मधे एक वाफेचं इंजिन आहे, नव्वद वर्षांचं. म्हातारं माणूस आहे, फुसफुसेल अधूनमधून. सांभाळून घ्या.

तर डोंगरातली सकाळ होती. धुकं असं, की पुढे केलेला आपलाच हात परक्याचा वाटावा. बसवाल्यानं तिला एक वळण आधीच उतरवलं होतं, आणि “रूळ धरून चालत राहा, इंजिनशेड येईल” एवढं सांगून तो निघून गेला होता. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फाइल, बुटांत पाणी. ती बॉयलर तपासनीस होती. वाफ कोंडलेलं यंत्र माणसांजवळ उभं करण्याइतकं भरवशाचं आहे की नाही, हे ठरवणं तिचं काम. तिची सही झाल्याशिवाय या डोंगरावरची जुनी गाडी हलणार नव्हती.

पुढे धुक्यात एक पाठ दिसली. रुळांवरून छोटी ट्रॉली ढकलत चाललेली, निळ्या कपड्यातली रुंद पाठ.

“अहो,” तिनं हाक मारली.

पाठ चालत राहिली.

“अहो, जरा थांबता का?”

पाठ आपली चालतेच आहे.

“अहो ट्रॉलीवाले…”

तिसरी हाकही धुक्यानं गिळली. मग तिनं काय करावं? वाकून एक दगड उचलला आणि रुळावर तीन टोले दिले. टण्, टण्, टण्. ट्रॉलीच्या दांड्यावरचे हात एकदम थबकले. तो वळला.

“रुळाला कोण मारतंय?”

“मी. माणसाला हाका मारून झाल्या, म्हटलं रुळाला विचारावं.”

“मला मारली होती हाक?”

“एक नाही, तीन.”

तो हसला. हसला की त्याच्या काजळी लागलेल्या गालावर दोन स्वच्छ रेघा उमटत. “मग चौथी मारायची,” तो म्हणाला.

त्यानं तिची बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि स्वतःच्या उजव्या बाजूला बोट केलं. “अशा इकडून चला.”

“का? तिकडे काय आहे?”

“तिकडे… घसरतं जरा.”

तिनं पाहिलं. शेवाळ दोन्हीकडे सारखंच होतं. ती धुक्याच्या आड हसली. बाईमाणसाला आपल्या एका ठरावीक बाजूला ठेवण्याची ही तऱ्हा तिनं आजवर पाहिली नव्हती.

तो त्या शेडचा बॉयलर फिटर. शेडमध्ये एके काळी दोन इंजिनं होती, थोरली आणि धाकटी. धाकटीचे धड असलेले भाग काढून थोरलीला घातले, आणि जिथे तेही मिळाले नाहीत तिथे त्यानं स्वतः घडवले. सहा वर्षं लागली. आता थोरली काळी कुळकुळीत, पितळेच्या पट्ट्या मिरवत उभी होती. दहा दिवसांनी हंगामाची पहिली गाडी न्यायची होती.

शेडच्या दारात उन्हाच्या तुकड्यात एक म्हातारा स्टुलावर बसला होता. “हे मामा,” फिटर म्हणाला. “माझे गुरू. तरुणपणी बॉयलरच्या आत बसून पत्रे जोडणारे रिव्हेट धरायचे, बाहेरून दुसरा घण मारायचा.”

तिनं नमस्कार केला. “बरं आहे ना, मामा?”

“नऊ वाजले,” मामा मोठ्यानं म्हणाले आणि प्रसन्न हसले.

“कान गेलेत,” फिटर हळूच म्हणाला. “दोन्ही. लोक हसले की तेही हसतात, पण जरा उशिरा.” हे सांगताना त्याचा चेहरा असा मिटला, की तिनं पुढे काही विचारलं नाही.

काम सुरू झालं. दिवसभर ती मोजमापं घ्यायची, तो कंदील धरायचा. चारला स्टेशनवरच्या चहाच्या काउंटरवर. तो काउंटर त्याच्या थोरल्या बहिणीचा होता, तिला सगळी रेल्वे ताई म्हणायची. फिटर दरवेळी खुर्ची उचलून तपासनीसबाईंच्या डावीकडे जाऊन बसे, म्हणजे बाई बरोबर त्याच्या उजव्या हाताला येत.

“तुमच्या भावाला खुर्ची एका जागी ठेवता येत नाही का हो?” तिनं ताईला विचारलं.

“आजवर येत होती,” ताई कप विसळत म्हणाली. “तुम्ही आल्यापासून तिला पाय फुटलेत.”

फिटर चहात बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. दोन्ही.

“सही कराल ना हो थोरलीला?” त्यानं एकदा विचारलं.

“पास झाली तर.”

“आणि तिच्या फिटरला?”

“फिटरचा अर्ज आलेला नाही माझ्याकडे,” ती म्हणाली, आणि घाईनं फाइल उघडली. उलटी.

पाचव्या दिवशी रिमझिम लागली. ताई चहा देऊन त्याच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत स्वतःच टेकली, म्हणून तपासनीस डावीकडे बसली. थोड्या वेळानं ताई गिऱ्हाइकासाठी उठून गेली. पत्र्यावर पाऊस, समोर ओले रूळ… आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही हसता ना, तेव्हा फार छान दिसता.”

तो समोर पावसाकडे बघत राहिला. हूं नाही की चूं नाही.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप तसाच ठेवून ती उठली. पुढचे दोन दिवस बोल्ट आणि पत्रे यांपलीकडे तिनं एक शब्द काढला नाही. तो बिचारा काय चुकलं ते न कळून नुसता तिच्या चेहऱ्याकडे बघत राही.

“काय हो बाई,” ताईनं शेवटी विचारलं, “दोघांच्या चहात मीठ पडलं का माझ्या हातून?”

आता मंडळी, इथे इंजिनाची एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची माणसांची समजेल. भट्टीचा पत्रा आत, बॉयलरचा पत्रा बाहेर, मधे चार बोटं पाणी. वाफेच्या दाबानं हे दोन पत्रे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून शेकडो जाड बोल्ट आरपार घातलेले असतात. त्यांना स्टे म्हणतात. स्टे मधेच तुटला तर डोळ्यांना दिसत नाही. एकेकावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. धड असेल तो खणखणतो. तुटलेला बद्द बोलतो, तडा गेलेल्या माठासारखा. शेजारशेजारचे चार-पाच तुटले, तर भरल्या गाडीत काय होईल ते मी बोलत नाही.

फिटरनं रजिस्टरमध्ये लिहिलं होतं : सहाशे बारा स्टे ठोकले, सर्व धड.

आठव्या दिवशी दोघं भट्टीत उतरली. आत जेमतेम दोन माणसं वाकून मावतात. तिनं मामांची जुनी हातोडी घेतली आणि इथे एक, तिथे एक असं ठोकत गेली. खण्. खण्. खण्. मग वरच्या कोपऱ्यात… बद्द. शेजारचा, बद्द. त्याच्या खालचाही.

तिनं हातोडी थांबवली.

“हे तुम्ही ठोकले होते?”

“सगळे ठोकले. दोनदा.”

“काय वाजले?”

“खणखणीत.” त्याचे डोळे स्वच्छ होते. खोटं बोलणाऱ्याचे असतात तसे नव्हते. तो कंदील वर करून कोपरा न्याहाळू लागला, डावी बाजू तिच्याकडे करून.

आणि तिला लख्ख उमगलं. तीन हाका. दोन्हीकडचं शेवाळ. पाय फुटलेली खुर्ची. पावसातलं ते वाक्य, जे त्यानं टाळलं नव्हतं… त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

त्याच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावरून ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही मला आवडता. आणि आता मी काय करू?”

तो कोपराच पाहत होता.

तिनं त्याच्या बाहीला स्पर्श केला. तो वळला. “डावा कान कधी गेला?” तिनं विचारलं.

त्यानं कंदील पायाशी ठेवला. मग तो खाली बसला. “तीन वर्षं झाली. आता उजवाही पातळ होत चाललाय. या कोपऱ्यात मान वाकडी करावी लागते, तेव्हा डावा कान पत्र्याकडे येतो. मला सगळं एकसारखंच… मला खरंच वाटलं, धड आहेत.”

“सांगितलं का नाही कुणाला?”

“सांगून काय करू? मामांच्या शेजारी दुसरं स्टूल टाकू?” त्याचा आवाज फाटला. “सहा वर्षं, बाई. एकेक रिव्हेट. दोन दिवसांवर गाडी आलीय. सही करा म्हणत नाही मी. पण कानाचं लिहू नका. माझ्याजवळ दुसरं काही नाही.”

दयाळू माणसाची खरी परीक्षा अशा जागी होते. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

“तीन स्टे तुटलेत हे मी आत्ता लिहिणार,” ती म्हणाली. “गाडी परवा जाणार नाही. कानाचं मी लिहिणार नाही. ते तुम्ही सांगायचं, स्वतःच्या तोंडानं. उद्या सकाळपर्यंत.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी थोरलीला पुन्हा हात लावणार नाही.” ती भट्टीच्या तोंडातून बाहेर पडली. तिचे गुडघे काळे झाले होते आणि डोळे भरले होते. डोळ्यांचं तिनं काजळीवर ढकललं.

त्या दिवशी चहाला तो आला नाही. सकाळी ती शेडवर पोचली तेव्हा तो रेल्वेच्या साहेबांच्या खोलीतून बाहेर पडत होता. मागे साहेब होते, चष्मा पुसत.

“सांगितलं,” तो म्हणाला.

“मग?”

“साहेबांनी आधी हंगामाच्या नावानं कपाळाला हात लावला. मग म्हणाले, हात शाबूत आहेत ना? कान आपण दुसऱ्याचे घेऊ. यापुढे मी एकटा स्टे ठोकायचे नाहीत. ऐकणारं माणूस बरोबर पाहिजे.”

“कोण आहे ऐकणारं?”

“शोधतोय,” तो म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्या दोन रेघा उमटल्या.

मग सगळे सहाशे बारा पुन्हा. ती आत हातोडी घेऊन, तो बाहेर. मामांनी स्टुलावरून उठून त्याचा तळवा बाहेरच्या पत्र्यावर, बोल्टच्या डोक्यावर ठेवला आणि बोटं नीट पसरवून दिली. मोठ्यानं म्हणाले, “हातानं ऐक.” एवढंच. प्रत्येक टोल्याला तो आपला अंदाज पाटीवर लिहायचा, ती आपला वहीत. चार दिवसांनी दोन्ही ताडून पाहिलं. तिच्या कानाला सात तुटके सापडले, त्याच्या हाताला पाच.

“नापास?” त्यानं विचारलं.

“नापास,” ती म्हणाली. “पण हात… हात चांगला आहे.”

सातही स्टे त्यानं नवे घातले. हंगाम तीन आठवडे उशिरा सुरू झाला. लोक कुरकुरले आणि आले.

वाफेच्या दिवशी पहाटेपासून भट्टी हळूहळू चढवली. घाई केली तर थंड पत्रा रुसतो, त्याला मनासारखा वेळ द्यावा लागतो. दहाच्या सुमारास काटा लाल खुणेपाशी आला, आणि नव्वद वर्षांची थोरली सासुरवाशिणीसारखा दीर्घ श्वास सोडून उभी राहिली. तपासनीसबाईंनी पुन्हा सगळं पाहिलं. मग सही केली.

फलाटाच्या टोकाला तो एकटा उभा होता. ती जाऊन त्याच्या डावीकडे उभी राहिली. तो सवयीनं वळून जागा बदलायला लागला, तशी तीही फिरून पुन्हा डावीकडेच.

“इकडून बोला ना,” तो म्हणाला. “तिकडचं मला…”

“ठाऊक आहे. भट्टीत मी इथूनच बोलले होते काही. ते इथेच पडून राहिलंय. आधी सापडतंय का बघते.”

“काय बोलला होतात?”

ती उजवीकडे आली. चवड्यांवर उंच झाली. “तीन हाका मारून झाल्यात माझ्या,” ती म्हणाली. “ही चौथी. तुम्ही मला आवडता.”

त्यानं ऐकलं. स्वच्छ ऐकलं. त्याच्या कानांबरोबर मानही लाल झाली.

“एवढंच बोलला होतात?”

“नाही. आणखी म्हणाले होते… आणि आता मी काय करू?”

थोरलीनं तेवढ्यात शिट्टी दिली. डोंगरानं ती घेतली, या कड्यावरून त्या कड्यावर फिरवली आणि हळूच परत आणून दिली. मग तो म्हणाला, “माझ्या डाव्या बाजूला राहा. तिकडचं मला ऐकू येत नाही. तिकडचं तुम्ही ऐका.”

काउंटरमागून ताई हे सगळं बघत होती. तिनं दोघांचा चहा ओतला आणि दोन खुर्च्या अशा ठेवल्या, की आता कुणाला हलवाव्या लागू नयेत.

कथा संपली. पण उठण्याआधी माझं एक मागणं आहे. शिट्टी झाली तेव्हा सगळे आकाशाकडे बघत होते. मामा तेवढे इंजिनाजवळ गेले, तापल्या पत्र्यापासून दूर, पुढच्या, धक्का झेलणाऱ्या थंड बफरवर त्यांनी तळवा टेकला आणि हसले. या वेळी उशिरा नाही, सगळ्यांच्या बरोबरीनं. म्हणून सांगतो, कधी डोंगरातून जाताना अशी शिट्टी तुमच्या कानावर पडली, तर क्षणभर त्यांची आठवण काढा. ती शिट्टी तुम्हाला ऐकू यावी म्हणून बॉयलरच्या आत बसून ज्यांनी आपले कान दिले, त्या मामांची.